झे. सोलकर

बॅट्समनपासून तीन पावलांवर उभं राहायचं. डोक्यावर हेल्मेट नाही, हातात ग्लोव्ह नाही. विकेट पडली की ती बोलरच्या खात्यात! ज्या जागेवरून सगळे पळ काढतात, तिथे एका ग्राउंड्समनच्या मुलाने अख्खं करिअर केलं. एक्की सोलकरची ही गोष्ट.

दिवाळीनंतरचा वीकेंड. ऑफिसातले आम्ही पाच जण, एक भाड्याची गाडी आणि 'मोबाइलला रेंज नसेल असं ठिकाण' एवढीच अट. मुंबई-गोवा हायवेवर पोलादपूरला चहा मारला, डोंगरात वळलो आणि वळणं मोजायचं सोडून दिल्यावर कधीतरी कुडपणला पोहोचलो. भीमाची काठी बघितली, फोटो काढले, पिठलं-भाकरी हाणली. परत निघताना कापणी झालेल्या एका खाचरात पोरांची मॅच रंगात आली होती. टेनिस बॉल, स्टंप म्हणून तीन काठ्या आणि डोंगरगावातला जगन्मान्य नियम : बॉल खाली दरीच्या बाजूला गेला की आउट, आणि ज्याने मारला त्यानेच तो शोधून आणायचा.

त्यातला एक बारका, असेल नऊ-दहा वर्षांचा, बॅट्समनच्या अगदी पुढ्यात उकिडवा बसला होता. म्हणजे बॅट फिरली तर थेट कानावर बसेल इतका जवळ. न राहवून विचारलं, "अरे, लागेल ना! इतक्या जवळ कशाला?"

"दादा, बॅटिंग नाय देत मला. मग हितं तरी."

बांधावर बसलेले एक आजोबा हसले. आयुष्यभर मुंबईत मफतलालच्या गिरणीत काम करून गावी परतलेले. महाड-पोलादपूरच्या जवळजवळ प्रत्येक वाडीत असा एकतरी माणूस भेटतोच. म्हणाले, "आमचा सोलकर तिथंच उभा राहायचा. आमच्याच कंपनीत होता तो." त्या 'आमचा'मध्ये अभिमान होता आणि थोडी तक्रारही, कारण आमच्यातल्या दोघांना सोलकर कोण तेच माहीत नव्हतं. एक जण तर म्हणाला, "विकेटकीपर होता का?"

घरी आल्यावर शोधायला बसलो आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळलं नाही.

स्कोअरबोर्डवाला पोरगा

एकनाथ धोंडू सोलकर. जन्म 18 मार्च 1948, मुंबई. वडील मरीन ड्राइव्हवरच्या हिंदू जिमखान्याचे ग्राउंड्समन. खेळपट्टीला पाणी मारणं, रोलर फिरवणं, सीमारेषेची चुन्याची रेघ आखणं हे त्यांचं काम, आणि जिमखान्याच्या आवारातल्याच एका खोलीत सगळं कुटुंब. समोर अरबी समुद्र, दाराशी हिरवंगार मैदान. पत्ता असा की आज ऐकून कोणत्याही इस्टेट एजंटचे डोळे पांढरे व्हावेत. फक्त त्यातलं काहीच स्वतःचं नव्हतं.

मॅच असली की लहानगा एकनाथ स्कोअरबोर्डवर आकडे लावायला जायचा. मोठमोठ्या लोकांच्या रन्स तो टांगायचा. कुणी बोलवलं तर नेटमध्ये बोलिंग टाकायची, पळत जाऊन बॉल आणून द्यायचा. ज्याला आपण आज 'ॲक्सेस' म्हणतो तो त्याला होता, पण नोकराच्या दरवाजातून. तिथून खेळाडूंच्या दरवाजापर्यंतचं अंतर पन्नास पावलांचं असेल, आणि ते पार करायला लोकांना पिढ्या लागतात. या घरातल्या दोघांनी ते पार केलं. एकनाथचा धाकटा भाऊ अनंतही पुढे फर्स्ट क्लास क्रिकेट खेळला.

मुंबईच्या क्रिकेटची एक गंमत आहे. इथे कांगा लीग भर पावसाळ्यात खेळतात. सोलकर जन्मला त्याच 1948 साली ही स्पर्धा सुरू झाली. ओली विकेट, गुडघाभर गवत, बॉल कधी थांबून येतो तर कधी उसळतो. अशा विकेटवर बॅट-पॅडला लागून टप्पन उडणारे कॅच हे रोजचं जेवण. ज्याचं लहानपण अशा मैदानाच्या कडेला गेलं, त्याचे हात तयार होणारच. पण हात तयार असणं वेगळं आणि तिथे जाऊन उभं राहण्याची तयारी असणं वेगळं.

शाळेत असतानाच त्याचं नाव झालं. लंडनच्या शाळांचा संघ भारतात आला तेव्हा इंडियन स्कूलबॉइजचा कॅप्टन होता सोलकर. आणि टीममध्ये कोण? सुनील गावसकर आणि मोहिंदर अमरनाथ! पुढे 1969 च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध कसोटी पदार्पण. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये प्रोफेशनल क्रिकेटचा दरवाजाही त्याने ठोठावून पाहिला. 1969 आणि 1970 चे उन्हाळे ससेक्सच्या सेकंड इलेव्हनमधून खेळला, तिथे राहून काउंटीसाठी पात्रही ठरला. पण मुख्य संघातून मॅच मिळाली फक्त एक. इंग्लंडमधलं प्रोफेशनल करिअर तिथेच आटपलं.

मग पोट कशावर? नोकरीवर! आयपीएलच्या लिलावात एका रात्रीत करोडपती होणारी मुलं बघितलेल्या आपल्या पिढीला हे पचत नाही, पण त्या काळात टेस्ट प्लेअर हे शब्दशः ऑफिसला जाणारे लोक होते. अजित वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निरलॉनमध्ये, सोलकर मफतलालमध्ये. कंपन्या आपापल्या टीम बांधायच्या, टाइम्स शील्डमध्ये एकमेकांशी भिडायच्या. देशासाठी खेळून मिळायचं ते मानधन, महिन्याचा पगार कंपनीचा. कुडपणच्या आजोबांचं 'आमच्याच कंपनीत' हे त्या अर्थाने शंभर टक्के खरं होतं. एक साच्यावर, एक मैदानावर. मस्टर एकच.

ती जागा

आता त्या जागेबद्दल. फॉरवर्ड शॉर्ट लेग. बॅट्समनच्या पायांच्या बाजूला, थोडं पुढे, इतक्या जवळ की त्याचा श्वास ऐकू यावा. आज तिथे टीममधल्या सगळ्यात ज्युनियर खेळाडूला पाठवतात आणि त्याच्याही डोक्यावर जाळीचं हेल्मेट, पायात आतून पॅड. हे लाड नाहीत. भारताचा सलामीवीर रमण लांबा 1998 च्या फेब्रुवारीत ढाक्यातल्या एका क्लब मॅचमध्ये याच जागी हेल्मेटशिवाय उभा होता. बॉल डोक्याला लागला. तीन दिवसांनी तो गेला.

सोलकरच्या काळात हेल्मेट नावाची चीजच क्रिकेटमध्ये नव्हती. बॅट्समनसुद्धा टोपी घालून खेळायचे. तो अंगात शर्ट, गळ्यात बहुधा रुमाल आणि उघडे हात घेऊन उभा राहायचा.

अमेरिकन बेसबॉलमध्ये अशा जवळच्या फिल्डरला 'इनफिल्डर' म्हणतात आणि त्याची वेगळी इज्जत असते. बाल्टिमोर ओरिओल्सचा ब्रूक्स रॉबिन्सन हा सोलकरचाच समकालीन. तिसऱ्या बेसवरचा जादूगार. फिल्डिंगसाठी दिला जाणारा 'गोल्ड ग्लोव्ह' त्याने ओळीने सोळा वर्षं घेतला आणि 1970 च्या वर्ल्ड सीरिजमध्ये तर सर्वोत्तम खेळाडू ठरला. तिसरा बेस बॅटरपासून नव्वद फुटांवर असतो. शिवाय रॉबिन्सनच्या हातात सुपाएवढा चामड्याचा ग्लोव्ह. सोलकर सहा-सात फुटांवर उभा असायचा, आणि त्याच्या खेळात फिल्डरला द्यायला असं कुठलंही मानाचं बक्षीस नव्हतं. होतं ते फक्त स्कोअरकार्डमधलं एक अक्षर. 'झे.'

तिथे टिकायचं कसं? पहिली गोष्ट, आधी उठायचं नाही. बॅट्समन पुढे आला की शरीर आपोआप मागे वळतं, डोळे मिटतात. हा कुणाचाही भित्रेपणा नाही, ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. सोलकर ती मारून टाकायचा. उकिडवं बसून राहायचं, हात जमिनीजवळ, नजर बॅटवर. बॉल खाली पडत असेल तर वरून खाली जाणाऱ्या हातांना तो कधीच सापडत नाही, खालून वर येणाऱ्यांना सापडतो. आणि बॅट्समनने जोरात स्वीप मारला तर? तर लागतं.

पण खरी मजा वेगळीच होती. त्या वेळी भारताकडे बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन असे चार जगप्रसिद्ध स्पिनर होते. स्पिनरचा बॉल अनेकदा बॅटची कड किंवा पॅड घेऊन जेमतेम दोन हात उडतो. तिथे कोणी नसेल तर तो 'वेल बोल्ड' म्हणून टाळ्या मिळवतो आणि मरतो. सोलकर आला आणि त्या टाळ्यांच्या विकेट झाल्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॅट्समनच्या डोक्यात तो शिरला. पुढे पाय टाकून बचाव करायचा हा स्पिन खेळण्याचा पाठ्यपुस्तकी धडा, आणि तोच धडा आता धोक्याचा! स्लिपमध्ये वाडेकर, गलीत वेंकट, मागे लेगला आबिद अली आणि पुढ्यात एक्की. घराला चारही बाजूंनी कडी.

हिशेब मांडायचाच तर असा : 27 कसोटी, 53 झेल. म्हणजे मॅचला जवळजवळ दोन. राहुल द्रविडने 164 कसोटींत 210 झेल घेतले, मॅचला सव्वाच्या आसपास. वीसहून जास्त कसोटी खेळलेल्या, विकेटकीपर नसलेल्या खेळाडूंमध्ये सोलकरच्या सरासरीच्या पुढे कोणीही गेलेलं नाही.

1971

हे वर्ष तर त्याचंच. हो, मला माहीत आहे, इतिहासात ते गावसकरचं आणि सरदेसाईचं आणि चंद्राचं आहे. माझा मुद्दा तोच आहे.

वेस्ट इंडीज, पहिली कसोटी, जमैका. भारत 5 बाद 75. दिलीप सरदेसाई एका बाजूने उभा, दुसऱ्या बाजूला हा बावीस वर्षांचा पोरगा. दोघांनी 137 जोडल्या. सरदेसाईच्या 212, सोलकरच्या 61. भारताने चक्क वेस्ट इंडीजला फॉलोऑन दिला! दुसरी कसोटी, पोर्ट ऑफ स्पेन. पुन्हा सरदेसाईचं शतक, पुन्हा दुसऱ्या टोकाला सोलकर 55. शिवाय मॅचमध्ये सहा झेल. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा हा पहिला कसोटी विजय. बार्बाडोसला 6 बाद 70 अशी वाट लागलेली असताना सरदेसाई 150, सोलकर 65, भागीदारी 186. तीन मॅच, तीन वेळा आग, आणि दर वेळी बादली घेऊन धावणारा तोच दुसरा माणूस. मालिका 1-0 ने भारताची. हेडलाइनमध्ये गावसकरच्या 774 रन्स आणि सरदेसाईच्या 642. दोन्ही हक्काच्या, वादच नाही.

तिथून इंग्लंड. लॉर्ड्सवर 67. आणि मग ओव्हल, 24 ऑगस्ट 1971, जिथे हा लेख खरं तर सुरू व्हायला हवा होता. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. लंडनमधल्या आपल्या मंडळींनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची एक हत्तीण मैदानावर आणली होती. इतका शुभशकुन! पहिल्या डावात सोलकरने 28 रन्समध्ये 3 विकेट घेतल्या होत्या आणि 44 रन्सही केल्या होत्या. पण भारत 71 रन्सनी मागे होता.

मग इंग्लंडचा दुसरा डाव 101 वर आटोपला. चंद्रशेखर 38 रन्समध्ये 6. शाळेत असताना पाठ केलेल्या सनावळीसारखा हा आकडा आपल्याकडे पाठ असतो. कीथ फ्लेचर शून्यावर, झे. सोलकर गो. चंद्रशेखर. आणि ॲलन नॉट. पहिल्या डावात 90 करणारा, कुठूनही मॅच काढून नेणारा नॉट. वेंकटचा बॉल, नॉट पुढे आला, कडेला हलकासा स्पर्श, बॉल जमिनीकडे निघालेला. सोलकरने स्वतःला पुढे झोकून दिलं. पूर्ण आडवा. बॉल गवताच्या इंचभर वर असताना त्याची बोटं खाली गेली.

नॉट, झे. सोलकर गो. वेंकटराघवन, 1. इंग्लंडमध्ये इंग्लंडविरुद्धचा पहिला विजय भारताने चार विकेट राखून मिळवला.

इंग्लिशचं काय घेऊन बसलात

1972-73 च्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ भारतात आला. पाच कसोटींत सोलकरचे 12 झेल.

इथे एक किस्सा सांगायलाच हवा. डावखुरा मध्यमगती बोलर म्हणून सोलकर काही घाबरवणारा नव्हता. पण जेफ्री बॉयकॉट, म्हणजे ज्याला आउट करायला लोकांना दोन-दोन दिवस लागायचे तो बॉयकॉट, त्याच्यापुढे गडबडायचा. सोलकरने म्हणे त्याला तोंडावर सांगितलं होतं, "आय विल आउट यू, ब्लडी!" व्याकरणाची पार चटणी. पण 1974 ला ओल्ड ट्रॅफर्डवर बॉयकॉट दुसऱ्या डावात 6 रन्सवर सोलकरच्या बॉलवर फारुख इंजिनिअरकडे झेल देऊन परतला. त्यानंतर तो बराच काळ कसोटी क्रिकेटपासून लांबच राहिला, आणि त्यामागे सोलकरची धास्ती होती असं इंग्लंडमध्येही बोललं गेलं. परदेशी क्लायंटसोबतच्या कॉलआधी वाक्यं घोकणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे वाक्य डेस्कवर चिकटवावं.

त्याच 1974 च्या दौऱ्यात लॉर्ड्सवर भारत 42 वर ऑल आउट झाला. सतरा ओव्हरमध्ये संपलं सगळं. आपल्या क्रिकेटच्या इतिहासात कित्येक वर्षं ती सगळ्यात लाजिरवाणी दुपार होती. त्या 42 मधल्या 18 एकट्या सोलकरच्या. नाबाद! एक सिक्सही मारली. आजूबाजूला घर कोसळत असताना हा माणूस दारात उभा. मात्र कुणी '42' म्हटलं की त्यातला हा 18 कोणाला आठवत नाही.

एक दिवस मात्र स्कोअरबोर्डवर त्याचं स्वतःचं नाव तीन आकड्यांसह लागलं. जानेवारी 1975, वेस्ट इंडीजविरुद्ध निर्णायक कसोटी, आणि नव्याकोऱ्या वानखेडे स्टेडियमवरचा हा पहिलाच कसोटी सामना. क्लाइव्ह लॉइडने नाबाद 242 ठोकल्या, वेस्ट इंडीजने 604 वर डाव सोडला. उत्तरात सोलकर 102. त्याचं एकुलतं एक कसोटी शतक. आपण ही मॅच हरलो, मालिकाही गेली. पण नकाशा उघडून बघा. हिंदू जिमखान्यातून निघालं तर वानखेडे चालत जाण्याच्या अंतरावर. ज्या पोराने लोकांचे आकडे टांगण्यात लहानपण काढलं, त्याने आपला आकडा घरापासून हाकेच्या अंतरावर लावला. सिनेमात असतं तर आपण म्हटलं असतं, अती झालं राव!

अठ्ठाविसावं वर्ष

आणि मग? मग दोन वर्षांत संपलं. 1977 च्या पहिल्या आठवड्यात कोलकात्याला इंग्लंडविरुद्ध तो शेवटची कसोटी खेळला. वय वर्षं अठ्ठावीस. ज्या वयात आपल्याला पहिलं 'टीम लीड'चं लेबल लागतं, त्या वयात त्याचं आंतरराष्ट्रीय करिअर आटोपलं होतं.

का? सरळ उत्तर असं की बॅटिंगची सरासरी 25, कसोटी विकेट 18. ऑलराउंडर म्हणून कागदावर हे आकडे मध्यमच. आणि निवड कागद बघून होते. झेल कुठल्या रकान्यात धरायचे? त्याने पकडलेल्या प्रत्येक झेलाची विकेट चंद्रा, बेदी, प्रसन्ना, वेंकट यांच्या नावावर जमा झाली. ती त्यांचीच होती, ते थोर होतेच. पण त्यातल्या किती विकेट तिथे एक्की नसता तर पडल्याच नसत्या, याचा रकाना स्कोअरबुकात नाही. ऑफिसात दुसऱ्याच्या प्रेझेंटेशनमधले आकडे रात्री जागून जुळवून देणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. माझं मत विचाराल तर फिल्डिंगसाठी एका जागेवर हक्काने खेळवावा असा तो भारताचा पहिला खेळाडू होता, आणि हे लक्षात येईपर्यंत उशीर झाला. एकदिवसीय क्रिकेट तेव्हा बाळसं धरत होतं. त्याला त्यात मिळाल्या अवघ्या सात मॅच. दहा वर्षं उशिरा जन्मला असता तर...! जाऊ दे. या 'तर'ला अंत नाही.

मुंबईसाठी तो 1981 पर्यंत खेळत राहिला. 26 जून 2005 ला मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय 57.

नॉटच्या त्या झेलाचा एक फोटो आहे. कुडपणहून आल्यावर त्या रात्री मी तो किती वेळा झूम करून पाहिला असेन कोण जाणे. बॅट्समन वाकून मागे वळून बघतोय, विकेटकीपर उभा आणि खाली जमिनीला समांतर एक माणूस. पाय मागे हवेत, उजवा हात लांब गेलेला. त्याचा चेहरा नीट दिसत नाही. सोमवारी ऑफिसात गेल्यावर 'विकेटकीपर होता का?' विचारणाऱ्या मित्राच्या स्क्रीनवर तो उघडून ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "याच्या हातात ग्लोव्ह का नाहीये?"